जमिनीखालील पाण्याचा शोध : विद्युत्-रोधकता पद्धतीचा परिचय

जलचक्राचा पाठ प्रत्येक शाळेत शिकविला जातो. समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी आणि पुन्हा समुद्र अशी बाणांची आकृती फळ्यावर काढली जाते, आणि पावसाचे काही पाणी "जमिनीत मुरते" एवढे सांगून पाठ पुढे सरकतो. ग्रामीण शाळेतील मुलाचा खरा प्रश्न मात्र नेमका तेथेच सुरू होतो. एका शेतातील विहिरीस चाळीस फुटांवर पाणी लागते. बांधापलीकडच्या विहिरीचा तळ साठ फुटांवरही कोरडाच राहतो. दोन्ही शेतांवर पाऊस तर सारखाच पडला. मग मुरलेले पाणी गेले कोठे? हा प्रश्न मुलाच्या घरी रोज बोलला जात असतो, कारण कोरड्या गेलेल्या विहिरीसाठी काढलेले कर्ज त्याच घराला फेडावयाचे असते.

उन्हाळा लागला की विंधण यंत्राची गाडी गावात येते. तत्पूर्वी कोणी तळहातावर नारळ घेऊन, कोणी झाडाची बेचकी हातात धरून जागा दाखवितो. अलीकडे काही जण पेटीसारखे यंत्र घेऊनही येतात. एक छिद्र कोरडे गेले की दुसरे, दुसरे गेले की तिसरे, असे करीत एखादे कुटुंब पुरते खचून जाते. अशा वेळी गावातला शिकलेला माणूस म्हणून शिक्षकाचा सल्ला विचारला जातो. "त्यातले आपल्याला काही कळत नाही" असे उत्तर देण्याची पाळी शिक्षकावर येऊ नये, आणि माहिती नसताना होकार देण्याची तर मुळीच येऊ नये, एवढ्यासाठी भूभौतिक शोधपद्धतींची, विशेषतः त्यांतील विद्युत्-रोधकता पद्धतीची, ओळख येथे करून दिली आहे.

विहिरीच्या भिंतीचे वाचन

यंत्राकडे वळण्यापूर्वी खडकाकडे पाहिले पाहिजे. महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, पसरलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हारस बाहेर पडला, पसरला, थिजला; त्यावर पुन्हा दुसरा थर आला. असे थरावर थर साचत गेले. या थरांची एकूण जाडी किती, याची कल्पना दोन छिद्रांवरून येते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात अभ्यासासाठी घेतलेल्या खोल छिद्रात बेसाल्टची जाडी ३३८ मीटर आढळली. कोयना परिसरातील तशाच एका छिद्रात ती ९३३ मीटर भरली. "खोल गेले की पाणी लागतेच" असे जे म्हटले जाते, त्याचा विचार या आकड्यांच्या संदर्भात करावा. खोल गेले की लागतो तो पुन्हा खडकच. आणि पाणी धरणाऱ्या भेगा तर सामान्यतः खोलीबरोबर कमी कमी व मिटलेल्या होत जातात.

लाव्हाच्या प्रत्येक थराची रचना साधारणतः ठरलेली असते. मधला व खालचा भाग घट्ट व कठीण असतो. त्यात पाणी राहावयाचे ते केवळ तडे व सांधे असतील तेथेच. वरच्या भागात लाव्हातील वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या झालेल्या असतात व पुढे त्यांत पांढरी, हिरवट खनिजे भरलेली असतात. या खडकाला ठिकठिकाणी मांजऱ्या म्हणतात. या पोकळ्या एकमेकींशी जोडलेल्या असतातच असे नाही. परंतु हा खडक लवकर झिजतो, ठिसूळ होतो आणि मग पाणी धरतो. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. ही माती चिकण असल्यामुळे ती ओली असली तरी पाणी सोडत नाही. वरून आलेले पाणी मात्र तिच्यावर अडते. सह्याद्रीच्या उतारांवर एकाच उंचीवर ओळीने झरे दिसतात, त्यांचे कारण पुष्कळ ठिकाणी हेच असते. सर्वांत वर मुरूम व काळी माती. उथळ विहिरींचे बहुतेक पाणी या मुरमात आणि त्याखालच्या कुजलेल्या, तडकलेल्या खडकात असते.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. शरीरातील शिरांप्रमाणे जमिनीखाली पाण्याच्या नद्या वाहत असतात, अशी जी समजूत रूढ आहे ती आपल्या खडकाला लागू नाही. पाठ्येतर पुस्तकांतून अशी चित्रे अजूनही आढळतात. ती वर्गात दाखवू नयेत. ओल्या स्पंजाची उपमा त्याहून बरी, पण तीही मुरमापुरतीच. खालच्या खडकासाठी तडकलेल्या विटांच्या ढिगाऱ्याची उपमा द्यावी : विटेत पाणी नाही, विटांच्या फटींत आहे.

गावात नवी विहीर खोदली जात असेल तर मुलांना ती पुरेशा अंतरावरून, मालकाच्या संमतीने व सुरुंगाचे काम बंद असताना दाखवावी. कडेला टाकलेल्या दगडांच्या ढिगात काळी माती, मुरूम, मांजऱ्या, तांबडी माती व घट्ट पाषाण हे सर्व ओळखता येतात. या ढिगापुढे घेतलेला पाऊण तास भूगोलाच्या अनेक तासांच्या मोलाचा होतो.

विद्युत्-रोधकता म्हणजे काय

प्रत्येक पदार्थ विजेच्या प्रवाहास कमी-अधिक विरोध करतो. पदार्थाच्या या गुणास रोधकता म्हणतात व ती ओहम-मीटर या एककात मोजतात. कोरडा घट्ट दगड जवळजवळ दुर्वाहकच असतो. जमिनीतून वीज वाहते ती मुख्यतः खडकाच्या छिद्रांत व भेगांत असलेल्या पाण्यातून, आणि त्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. म्हणून एकच खडक कोरडा असताना वेगळी रोधकता दाखवितो व भिजलेला असताना वेगळी. या फरकावरच सारी पद्धत उभी आहे.

बेसाल्टच्या प्रदेशात केलेल्या मोजण्यांतून काही ढोबळ मर्यादा ठरल्या आहेत. काळी चिकण माती, गाळाची माती आणि थरांमधील तांबडी माती यांची रोधकता साधारणतः ५ ते १० ओहम-मीटर असते. कुजलेला, तडकलेला व पाण्याने भरलेला मांजऱ्या २० ते ४५ च्या दरम्यान येतो. कमी कुजलेला खडक ४० ते ७०. आणि त्यावरील आकडे, शेकड्यांपर्यंत व त्याहून अधिक, घट्ट पाषाणाचे. या मर्यादा एकमेकींत मिसळतात व प्रदेशाप्रमाणे बदलतात, हे विसरू नये.

या यादीत शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट दडलेली आहे. सर्वांत कमी रोधकता पाण्याच्या थराची नसून चिकण मातीची आहे. "यंत्राचा आकडा जितका खाली, तितके पाणी जास्त" हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. तसे मानून खोदणाऱ्यास तांबडी माती लागण्याचा संभव अधिक. दुसरी फसगत खाऱ्या पाण्याची. समुद्राच्या पाण्याची रोधकता ओहम-मीटरच्या एक-पंचमांशाच्या आसपास असते. कोकणच्या किनाऱ्यालगत, किंवा अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात, आकडा खाली जातो तो पुष्कळदा क्षारांमुळे. तेथे पाणी आहे, पण ते पिण्याचे नाही. विंधण विहीर घेण्यापूर्वीच ही सूचना मिळते, हा तेथे या पद्धतीचा मोठा उपयोग आहे.

या कल्पनेचा आरंभ फ्रान्समध्ये झाला. कोनराड श्लुम्बर्जे या भौतिकशास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास नहाणीच्या टबात वाळू व खनिजे भरून त्यांतून वीज सोडून पाहिली, आणि १९१२ साली नॉर्मंडीतील आपल्या कुटुंबाच्या जमिनीवर प्रत्यक्ष मोजणी केली. त्याच दशकात अमेरिकेत फ्रँक वेनर याने चार समान अंतरांवरील सळयांची मांडणी सुचविली. आजही या दोघांच्या नावांच्या मांडण्या सर्वत्र वापरात आहेत. शाळेस समजावयास वेनरची मांडणी सोपी आहे.

चार सळया कशासाठी

लोखंडाच्या चार सळया एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, जमिनीत ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडतात व आतल्या दोन सळयांमधील विभवांतर मोजतात. दोनच सळयांनी काम का भागत नाही, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील, आणि तो विचारला गेला पाहिजे. सळई जमिनीला जेथे टेकते तेथली माती कोठे सैल, कोठे कोरडी, कोठे खड्यांची असते. दोनच सळया वापरल्या तर मोजमापात येतो तो मुख्यतः या टेकण्याचा विरोध. खालच्या जमिनीचा विरोध त्यात बुडून जातो. आतल्या दोन सळयांतून मात्र वीज जवळजवळ वाहतच नाही, केवळ दाब मोजला जातो. त्यामुळे त्या कशा टेकल्या आहेत याचा परिणाम नाममात्र राहतो. ही युक्ती साधी आहे, पण तिच्यावाचून पद्धतच उभी राहिली नसती.

आता गणित. आतल्या सळयांमधील विभवांतरास विद्युत्प्रवाहाने भागले की रोध मिळतो. त्यास सळयांमधील अंतराने व दोन पायने गुणले की रोधकता मिळते. समजा, सळयांमधील अंतर १० मीटर आहे, प्रवाह १०० मिलिअँपिअर व विभवांतर ५० मिलिव्होल्ट आहे. ५० भागिले १००, म्हणजे रोध ०.५ ओहम. २ × ३.१४ × १० × ०.५ = ३१.४ ओहम-मीटर. सातवी-आठवीच्या मुलांना हा हिशेब करता येतो.

या आकड्यास भासमान रोधकता म्हणतात, कारण तो एका थराचा नसून वीज ज्या ज्या थरांतून गेली त्या सर्वांची सरमिसळ असतो. सळया जवळ असताना बहुतेक वीज वरच्या मातीतूनच जाते. त्या दूर नेल्या की विजेचा अधिक भाग खोलवरून जातो. म्हणून मधला बिंदू तोच ठेवून अंतर वाढवीत नेतात आणि प्रत्येक वेळी आकडा टिपतात. दोन शेतांतील मोजणी अशी आली असे धरू. पहिल्या शेतात २, ५, १०, २०, ४० व ८० मीटर अंतरांना अनुक्रमे ८, ११, १७, २६, ४२ व ७५ ओहम-मीटर. दुसऱ्या शेतात त्याच अंतरांना ९, १६, २८, ४८, ८५ व १५० ओहम-मीटर. दोन्हींत वरची माती सारखीच आहे. पहिल्या शेतात आकडा सावकाश चढतो. म्हणजे मातीखाली कुजलेल्या खडकाची चांगली जाडी आहे व घट्ट पाषाण खोलवर आहे. दुसऱ्यात तो लवकर चढतो. तेथे पाषाण वरच आला आहे. उथळ विहिरीसाठी पहिले शेत पसंत करावे लागेल. आकडा ३० च्या आसपास आला म्हणजे तेथे पाणी आहेच, असा अर्थ मात्र काढता येणार नाही. तो २६ कदाचित मातीच्या ८ चे व खालच्या पाषाणाच्या कित्येक शेकड्यांचे मिश्रणही असू शकतो. म्हणूनच संपूर्ण रेषा आलेखावर काढून, जवळच्या एखाद्या माहीत असलेल्या विहिरीच्या थरांशी ताडून मग निष्कर्ष काढतात. जवळची विहीर न पाहता केवळ आकड्यांवरून निर्णय देणारा मोजणीदार, यंत्र कितीही चांगले असले तरी, अर्धेच काम करीत असतो.

सळया जितक्या अंतरावर तितक्याच खोलीचे वाचन होते, अशीही एक सोयीची समजूत आहे. वस्तुतः वेनर मांडणीत परिणामकारक खोली सळयांमधील अंतराच्या सुमारे निम्मी असते. बाहेरच्या दोन सळयांमधील लांबी धरली तर ती अपेक्षित खोलीच्या पाच-सहा पट हवी. दोनशे फूट खोलीचा अंदाज घ्यावयाचा तर हजार-बाराशे फूट लांब तारा पसरल्यावाचून गत्यंतर नाही. ही गोष्ट गावकऱ्यांना अवश्य सांगावी, कारण तिच्यामुळे कोणालाही स्वतःच परीक्षा घेता येते. हातात पेटी धरून, तारा न पसरता, विजेच्या पद्धतीने तीनशे फुटांवरचे पाणी व त्याचे इंचही सांगणारा मनुष्य ते मोजून सांगत नाही, हे निश्चित समजावे.

पद्धतीच्या आणखीही मर्यादा आहेत. दीडशे फुटांवर हातभर जाडीची भेग असेल तर ती पृष्ठभागावरून दिसत नाही. विजेच्या तारा, लोखंडी नळ व काटेरी तारेचे कुंपण जवळ असल्यास वाचन बिघडते. उन्हाळ्यात सळया कोरड्या मातीत टेकत नाहीत; तेथे पाणी ओतावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की यंत्र पाणी दाखवीत नाही. ते रोधकता दाखविते, व पाण्याचे अनुमान माणूस करतो.

वर्गातील प्रयोग

श्लुम्बर्जेचा टब शाळेतही करता येतो. दीड-दोन फूट लांबीचे प्लॅस्टिकचे पसरट भांडे घ्यावे. लोखंडी घमेले घेऊ नये, कारण मग सर्व वीज घमेल्यातूनच जाईल व प्रयोग फसेल. भांड्यात बारीक वाळू भरून ती सारखी भिजवावी. चार खिळे एका ओळीत तीन-तीन सेंटिमीटर अंतरावर, फार खोल न जातील असे रोवावेत. नऊ व्होल्टची घटमाला बाहेरच्या खिळ्यांना जोडावी. विजेच्या दुरुस्तीवाल्याकडे असतो तो साधा बहुमापक घेऊन प्रथम प्रवाह व मग आतल्या खिळ्यांमधील विभवांतर मोजावे. नंतर वाळूत दोन सेंटिमीटर खाली फरशीचा तुकडा आडवा पुरून तेच मोजावे : रोध वाढलेला दिसेल. फरशी काढून तेथे मीठ घातलेल्या चिकण मातीची वडी पुरावी : रोध उतरेल. खिळे एकेक सेंटिमीटरवर आणले की पुरलेल्या वस्तूचा परिणाम कमी होतो, हेही मुलांना करून पाहू द्यावे. खोलीचा नियम त्यांना शब्दांवाचून कळेल.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. वीज एकाच दिशेने वाहत राहिली की खिळ्यांच्या टोकांशी रासायनिक क्रिया होऊन वाचन सरकते. म्हणून वाचन झटपट घ्यावे, मग घटमालेची टोके उलटी जोडून पुन्हा घ्यावे व दोन्हींची सरासरी धरावी. प्रत्यक्ष मोजणीतही याच कारणासाठी प्रवाहाची दिशा वारंवार पालटतात. दुसरे असे की हा प्रयोग घटमालेवरच करावयाचा. घरातील विजेचे बटण त्यास कदापि जोडावयाचे नाही. भांड्याच्या भिंती जवळ असल्यामुळे वर दिलेले सूत्र येथे काटेकोर लागू पडत नाही. वाढले की घटले, एवढेच पाहावे.

पाणाडे व त्यांची परीक्षा

गावोगावच्या पाणाड्यांविषयी शिक्षकांनी उपहासाने बोलू नये. जुन्या पाणाड्यांपैकी कित्येकांना नाल्याचा उतार, झाडांची हिरवळ, वारुळे, जवळच्या विहिरींचे पाणी यांचे उत्तम ज्ञान असते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा स्वतंत्र अध्याय आहे व त्यात वृक्ष आणि वारुळे यांवरून भूजलाचे अनुमान कसे करावे हे सांगितले आहे. हे निरीक्षण होय, आणि निरीक्षण तपासता येते. बेचकी वळते किंवा नारळ उभा राहतो म्हणून खाली पाणी आहे, हा दावा मात्र वेगळा आहे. आणि तोही तपासला गेला आहे. जर्मनीतील कासेल येथे १९९० साली सुमारे तीस पाणाड्यांची परीक्षा घेण्यात आली. जमिनीत अर्धा मीटर खोल पुरलेल्या नळातून पाणी वाहत आहे की नाही, एवढेच त्यांनी सांगावयाचे होते. परीक्षेची पद्धत त्यांना आधी मान्य होती व यशाची खात्रीही होती. निकाल नाणे उडवून सांगावा तसाच आला.

"पण आमच्या पाणाड्याच्या दहापैकी सात विहिरी लागल्या" असे उत्तर गावात मिळेल. त्यावर वाद घालण्याऐवजी दुसरा प्रश्न विचारावा : त्याच शिवारात कोणालाही न विचारता खोदलेल्या दहा विहिरींपैकी किती लागल्या? त्याही सात असतील, तर यश पाणाड्याचे नसून त्या शिवारातील मुरमाचे आहे. भूभौतिक मोजणीलाही हाच न्याय लावावा. तिच्या सल्ल्याने घेतलेल्या विहिरींचे यश शिवारातील सर्वसाधारण यशापेक्षा अधिक असेल तरच तिचा उपयोग झाला असे म्हणता येईल. अंकगणितातील शेकडेवारी शिकविण्यास याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

इतर पद्धती

रोधकतेखेरीज इतरही पद्धती आहेत, त्यांचा उल्लेख पुरेसा आहे. जमिनीवर लोखंडी पट्टी ठेवून तिच्यावर घणाचा घाव घालतात व कंप किती वेळाने कोठे पोचला हे मोजतात. सैल कोरड्या मातीत कंपाचा वेग सेकंदास काही शे मीटर असतो, पाण्यात सुमारे १५०० मीटर व घट्ट बेसाल्टमध्ये पाच हजार मीटर व त्याहून अधिक. त्यावरून पाषाण किती खोल आहे ते कळते. चुंबकीय मोजणी डाइक शोधण्यास उपयोगी पडते. डाइक म्हणजे भेगेत थिजलेल्या लाव्हाची उभी भिंत; धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत अशा भिंती पुष्कळ आहेत. त्या भूजलास बांधासारख्या आडव्या येतात, व बांधाच्या एका अंगास पाणी तर दुसऱ्या अंगास कोरड, असा प्रकार घडतो. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या दोन शेतांचे कोडे कोठे कोठे असे सुटते.

हेलिकॉप्टरला भले मोठे वेटोळे टांगून जमिनीची विद्युत्-वाहकता मोजण्याची पद्धतही आता वापरात आहे. केंद्रीय भूजल मंडळ व १९६१ साली स्थापन झालेली हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था यांनी देशातील सहा क्षेत्रांत तिचा प्रथम प्रयोग केला. त्यांत नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोट क्षेत्राचा समावेश होता. (ही चंद्रभागा पंढरपूरची नव्हे, मुलांचा येथे हटकून गोंधळ होतो.) ही मोजणी मोठ्या क्षेत्राचा नकाशा देते. एका शेतकऱ्याच्या विहिरीची जागा अखेर जमिनीवरूनच ठरवावी लागते.

शाळेची विहीर-नोंदवही

महाराष्ट्रात १९७२ साली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची स्थापना झाली व तिची कार्यालये जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीसाठी जागा पाहण्यास तिचे भूवैज्ञानिक गावात येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न यंत्राविषयी नसतो. जवळच्या विहिरी किती खोल आहेत, त्यांत कोणते थर लागले, मे महिन्यात पाणी किती असते, असे ते विचारतात. या प्रश्नांची उत्तरे गावात तुकड्यातुकड्यांनी असतात आणि खोदणारी पिढी गेली की नाहीशी होतात. ती जपण्याचे काम शाळा सहज करू शकते.

प्रत्येक विहिरीस एक पान द्यावे. त्यावर गट क्रमांक, खोदल्याचे वर्ष, खोली, लागलेल्या थरांचा क्रम व जाडी, पाणी कोणत्या थरात लागले, चवीला गोडे की मचूळ, आडवे बोअर घेतले असल्यास कोणत्या दिशेस, हे मालकाला विचारून लिहावे. पाण्याची पातळी पावसाळा संपताना व मे महिन्याच्या अखेरीस मोजावी. शेवटास दगड बांधलेली दोरी पुरते. मात्र माप कठड्यापासून घेतले की जमिनीपासून हे ठरवून घ्यावे व दर वर्षी तेच पाळावे, नाही तर आकडे जुळणार नाहीत. दोरी सोडण्याचे काम शिक्षकाने किंवा विहिरीच्या मालकाने करावे. कठडा नसलेल्या विहिरीजवळ मुलांना नेऊ नये. उघड्या टाकलेल्या विंधण छिद्रांजवळ तर कोणीच जाऊ नये. असे छिद्र आढळल्यास ते त्याच दिवशी ग्रामपंचायतीस कळवून झाकून घ्यावे.

कोरड्या गेलेल्या विहिरींना व छिद्रांनाही पाने द्यावीत. मालक त्यांविषयी बोलण्यास नाखूश असतो. झालेला खर्च पुन्हा आठवणे कोणालाच आवडत नाही. म्हणून हे विचारण्यास मुलांना न पाठविता शिक्षकाने स्वतः जावे, आणि खर्चाचा प्रश्न काढू नये. किती फुटांवर पाषाण लागला, तांबडी माती लागली काय, छिद्र कोठे थांबविले, एवढेच टिपावे. मोजणीदारास ही पाने भरलेल्या विहिरींच्या पानांइतकीच उपयोगी पडतात, कारण पाषाण कोठे वर आला आहे ते त्यांवरून नेमके कळते आणि त्याच्या आलेखाची पडताळणी होते. गटांच्या नकाशावर लागलेल्या विहिरी निळ्या व कोरड्या तांबड्या खुणेने दाखवाव्यात. नोंदवहीची एक प्रत शाळेत व एक ग्रामपंचायतीत ठेवावी, आणि मे महिन्यातील मोजणी सुटी लागण्यापूर्वी कोणाकडे सोपवावयाची ते एप्रिलमध्येच ठरवून ठेवावे.